‘गॅरेजला जायची गरजच नाही’: त्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. ‘गाडीचे सहा घरगुती उपाय, गॅरेजला जायची गरजच नाही.’ रेडिएटर गळतोय, तर दोन चमचे हळद टाका. ब्रेक ऑइल कमी झालं, तर साबणाचं पाणी नाहीतर खोबरेल. फ्यूज उडाला, तर चॉकलेटची चांदी गुंडाळा. बॅटरीच्या टर्मिनलला खायचा सोडा, हेडलाइटला टूथपेस्ट, आणि पुरात बुडालेली गाडी पाणी ओसरताच स्टार्ट करून इंजिन सुकवा. खाली ठळक अक्षरांत: ‘ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.’

नात्यातल्या ग्रुपवर तो माझ्या सख्ख्या मावशीने टाकला. तिचा मुलगा दर शनिवारी पसरणी घाट चढून पाचगणीला जातो आणि रविवारी उतरतो. म्हणून गप्प बसवेना.

हळदीचा उपाय सांगलीकरांना चटकन पटतो. हळद आपल्या मार्केट यार्डातली, आणि उपाय अगदी खोटाही नाही. हळदीत स्टार्च भरपूर असतो. गरम पाण्यात तो फुगतो, चिकट होतो आणि बारीक छिद्रात जाऊन बसतो. जुन्या ट्रकच्या पितळी रेडिएटरच्या नळ्या ऐसपैस असायच्या, तिथे चमचाभर हळद फिरली तरी वाट उरायची. आजच्या कारचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. चपट्या नळ्या, आत जेमतेम एक-दोन मिलिमीटरची वाट, वर प्लास्टिकच्या टाक्या. गळती बहुधा टाकीच्या जोडाला, होजच्या क्लिपला किंवा वॉटर पंपाच्या सीलला असते. फाकलेला जोड हळदीने भरत नाही. हळद नळ्यांत मात्र बसते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकांनी हेच केलं. चार दिवस गाडी चालली. पाचव्या दिवशी काटा लाल रेषेवर गेला आणि ते तसेच घरापर्यंत आले. गॅरेजात रेडिएटर उतरवला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मेस्त्रीने नळीत बारीक तार घातली आणि बाहेर काढली. तारेला पिठल्याच्या खरवडीसारखा पिवळा-तपकिरी लगदा लागला होता. एका बाजूच्या निम्म्या नळ्यांत तार शिरतच नव्हती. पुढे हेड गॅसकेटही (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं निघालं, हेड उतरवावं लागलं. मुळात गळत होता तो एक होज.

गाडी गरम झाली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे १०० अंशांच्या पुढे गेलं तरी आतलं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून थेट तोंडावर येतं. इंजिन गार झाल्यावर साधं पाणी ओतून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. तिथे गळती काढून पुन्हा कुलंट भरून घ्या, नुसत्या बोअरच्या पाण्यावर महिनोन्‌महिने गाडी चालवली तर आत क्षार धरतो आणि गंज चढतो. पाणी ओतल्या-ओतल्या खाली सांडत असेल तर टोचन लावा.

आता ब्रेक. सहापैकी हा उपाय मला सगळ्यात जास्त भीती घालतो. मावशी, ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं ‘संपत’ नाही गं. ते बंद नळीत असतं. पातळी खाली आली याचा अर्थ ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. डबीत वरून काहीही ओतलं की ती खूण पुसली जाते.

साबणाचं पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. डॉट ३ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ आणि डॉट ४ प्रतीचं किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. ते उगाच ठरवलेलं नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातून, ऑइलपर्यंत पोचते. पाण्याची वाफ झाली की पॅडल थेट खाली जातं. कारण द्रव दाबला तर दाब चाकापर्यंत जातो, वाफ दाबली तर ती नुसती आकसते. गल्लीत दोन चकरा मारून ‘ब्रेक लागतो की’ म्हणणाऱ्याला हे कळणार नाही, कारण तिथे ब्रेक तापतच नाही.

खोबरेल त्याहून वाईट. ब्रेकच्या आतले रबरी सील ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेले असतात. तेल लागलं की ते फुगतात आणि मऊ पडतात. मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. शिवाय थंडीत न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली गोठलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते साधारण २४ अंशांनाच थिजतं. पाचगणीची डिसेंबरची सकाळ आठवा. ऑइल गळत असेल तर गाडी हलवायची नाही, याला दुसरा उपाय नाही.

फ्यूजचं थोडक्यात. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. त्यापेक्षा जास्त करंट आला की तो स्वतः जळतो आणि वायर वाचवतो. चांदी गुंडाळली तर ती बराच जास्त करंट सोसते आणि मग डॅशबोर्डमागची वायर पेटते. अडलंच, तर त्याच आकड्याचा फ्यूज मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा काढून लावा. तोही उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

सोड्याचा उपाय बरोबर आहे, मी स्वतः करतो. फक्त आधी निगेटिव्ह तार सोडवा आणि सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टूथपेस्टने काच काही आठवडे उजळते, पुन्हा पिवळी पडते. नुकसान फारसं नाही.

पुराचं मात्र सोडता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गावभागापासून मारुती चौकापर्यंत गाड्या पाण्याखाली होत्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. न मारता गॅरेजला नेली तर तेच इंजिन बहुतेक वेळा साफ होऊन निघतं. वर, इंजिनासाठी वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर असं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत. चावी फिरवू नका, बॅटरी सोडवा, इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे.

राहिले ट्रकवाले. माझे वडील त्यातलेच. सांगलीहून मुंबईला हळदीची पोती न्यायचे. मालात असायची अख्खी हळकुंडं, म्हणून रेडिएटरसाठी ते जेवणाच्या डब्यातली पूड वापरायचे. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत होतो. पेठ नाक्याच्या पुढे रेडिएटर गळायला लागला. त्यांनी हळद टाकली आणि कराडपर्यंत गाडी हळू आणली. रात्रीचे दहा वाजले होते, आम्ही जेवलोही नव्हतो. त्यांनी खालचा होज सोडवला, वरून पाण्याची नळी लावली आणि तसेच उभे राहिले. खाली पिवळं पाणी येत होतं तोवर त्यांनी नळी काढली नाही.