‘होईपर्यंत’ या एका शब्दावरून

परवा शरणपूर रोडला आमच्या घरी प्रार्थनासभा होती. माझ्या सासूबाई नाशिकरोडच्या, कॅथलिक. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट. आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली. आमच्या सभेला बसणं त्यांनी कधी टाळलं नाही आणि फेब्रुवारीत त्यांना बाळ येशूच्या यात्रेला नेणं मी कधी चुकवलं नाही. परवाही त्या जपमाळ मुठीत धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. सभा संपली, चहा आला, आणि आमच्यातल्या एका तरुणाने पवित्र शास्त्र उघडून मत्तय १:२५ मोठ्याने वाचलं. मुलाचा, म्हणजे येशूचा, जन्म ‘होईपर्यंत’ योसेफाने मरीयेशी सहवास केला नाही.

“म्हणजे नंतर केला ना, मावशी? मग तुम्ही तिला सदाकुमारी म्हणता, ते शास्त्रात कुठंय?”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बशीतला चहा तसाच निवून गेला. मला ते फार लागलं, म्हणून लिहितोय.

येशू कुमारीच्या पोटी जन्मला, यावर आपल्यात वादच नाही. मत्तय सांगतो, लूक सांगतो, आणि दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणताना आपण आणि कॅथलिक एकच गोष्ट बोलतो. वाद आहे तो पुढचा, मरीया आयुष्यभर कुमारी राहिली का, हा.

मला विचाराल तर, नाही राहिली. मार्क ६:३ मध्ये याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी येशूच्या भावांची नावं आहेत. जेरोम या जुन्या धर्मपंडिताने ३८३ च्या सुमारास, मरीयेला पुढे मुलं झाली म्हणणाऱ्या हेल्विडियसला उत्तर देताना त्यांना जवळच्या नात्यातले भाऊ ठरवलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या त्यांना योसेफाच्या पहिल्या लग्नाची मुलं मानतात. मला सख्खे भाऊ हाच सरळ अर्थ पटतो. पण ‘होईपर्यंत’ या शब्दावर एवढा भार टाकू नका. २ शमुवेल ६:२३ वाचा, दाविदाची बायको मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही. मग मेल्यावर झालं, असं कोणी म्हणतं का? आपणही म्हणतोच की, आजोबा मरेपर्यंत दारूला शिवले नाहीत. आणि घरात दुसरे मुलगे होते, तर वधस्तंभावरून येशूने आईला शिष्याच्या हाती का सोपवलं, हा कॅथलिकांचा प्रश्नही कच्चा नाही.

प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणारा मार्टिन लूथर स्वतः मरीयेला सदाकुमारी मानायचा. त्याच काळातला सुधारक झ्विंग्लीसुद्धा. ‘फक्त शास्त्र’ म्हणत उभी राहिलेली ही माणसं. त्यांच्यावर आपण शास्त्रद्रोहाचा शिक्का मारणार आहोत का?

आणि ‘फक्त शास्त्र’ म्हणताना माझ्या मनात एक गोष्ट नेहमी येते. नव्या करारात कोणती २७ पुस्तकं धरायची, याची यादी त्या २७ पैकी एकाही पुस्तकात नाही. आज आपल्या हातात असलेली नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली ईस्टरच्या पत्रात दिली. त्याआधी इब्री, दुसरे पेत्र, प्रकटीकरण यांच्यावरून किती काळ मतभेद होते! मंडळ्यांनी ती पुस्तकं उपासनेत वाचली, पारखली, जपली, तेव्हा ती आपल्यापर्यंत आली. परवा वाचलेलं वचन मत्तयाचं, हेसुद्धा परंपरेनेच सांगितलं. त्या शुभवर्तमानाच्या मजकुरात लेखकाने आपलं नाव कुठेच घातलेलं नाही.

म्हणून परंपरेतलं सगळंच मी डोळे मिटून घेतो, असं नाही. परंपरेसाठी देवाचं वचन रद्द करणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये काय सुनावलं, ते मला पाठ आहे. मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला सदेह स्वर्गात घेतलं गेलं हा, सिद्धान्त पोपने १९५० साली जाहीर केला. तो प्रत्येकाने मानलाच पाहिजे, हे मला पटत नाही, आणि सासूबाईंना मी हे तोंडावर सांगितलेलं आहे. पण घरी आलेल्या ७६ वर्षांच्या बाईला चहाच्या वेळी चारचौघांत वचन फेकून मारायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? त्या मुलाने येऊन त्यांची माफी मागावी, असं मी त्याला फोन करून सांगितलंय.

रात्री सगळे गेल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझंच पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं. लूक, पहिला अध्याय. २८ व्या वचनावर, देवदूताच्या नमस्कारावर, बोट ठेवलं. मग ४२ व्या वचनावर, अलीशिबेच्या शब्दांवर.

“जावईबापू, माझ्या जपमाळेची प्रार्थना इथून घेतलीय.”

दोन्ही वचनांखाली माझ्याच पेन्सिलीच्या जुन्या रेघा होत्या.