तास नको, वार सांगा

आईच्या खुर्चीशेजारी एक जाड वही आणि काळा मार्कर कायम ठेवलेला असतो. तिला एका कानाने काहीच ऐकू येत नाही, दुसऱ्या कानाला मशीन आहे. ते मशीन बंद असलं की आम्ही तिच्याशी वहीवर लिहून बोलतो. मोठ्या अक्षरांत, कमीत कमी शब्दांत.

दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी ते मशीन बंद पडलं. सेल बदलून बघितला, मळ अडवणारी बारीक जाळी बदलली, काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी साडेसहाला कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लागला. पलीकडच्या मुलाने नीट सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं, "मॅम, तुमची तक्रार ४८ कामकाजाच्या तासांत सोडवली जाईल. आमचा माणूस घरी येईल." मी फोन ठेवला. आई माझ्या तोंडाकडेच बघत होती. "काय म्हणाले गं?" मी वहीवर लिहिलं: परवा.

रविवारी ती सकाळीच आवरून बसली. खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून ठेवली, कारण बेल वाजली तरी तिला कळणार नव्हतं. दिवसभर ती तिथून फारशी हलली नाही. संध्याकाळी तिने वही माझ्याकडे सरकवली आणि 'परवा' या शब्दावर बोट ठेवलं.

सोमवारी पुन्हा फोन केला तेव्हा उलगडा झाला. कामकाजाचे तास म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ६. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. मी शुक्रवारी सहानंतर फोन केला होता, म्हणजे माझं घड्याळ सोमवारी दहाला सुरू झालं. मी कॅलेंडर काढून हिशोब मांडला. दिवसाचे ८ तास, सोमवार ते शुक्रवार मिळून ४०, उरलेले ८ पुढच्या सोमवारी. म्हणजे शुक्रवारी ऐकलेले '४८ तास' दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला संपणार होते.

४८ तास म्हटल्यावर जगातला कुठलाही माणूस दोन दिवस समजतो, आणि ही गोष्ट ते वाक्य लिहिणाऱ्यालाही माहीत असते. '६ कामकाजाचे दिवस' असं लिहिता आलं असतं. 'पुढच्या सोमवारपर्यंत' असंही लिहिता आलं असतं. त्याऐवजी तास लिहिले, कारण तास ऐकायला कमी वाटतात. माझ्यासारखी माणसं 'कामकाजाच्या' हा शब्द ऐकतात आणि सोडून देतात. चूक माझी होती असं मला कोणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. जो शब्द ऐकणाऱ्याला हमखास चुकीचं समजायला लावतो, त्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच येते.

तेव्हापासून मी या शब्दांकडे फार बारकाईने बघायला लागले आहे. लवकरच. थोड्याच वेळात. शक्य तितक्या लवकर. साधारण ३ ते ५ दिवस. जास्तीत जास्त. यातला प्रत्येक शब्द वेळेबद्दल आहे आणि एकातही वेळ नाही. वेळेचं कुठलंही आश्वासन खरं असायचं तर ते कुठून मोजायचं आणि काय झालं की पूर्ण झालं म्हणायचं, हे दोन्ही सांगावं लागतं. मला मिळालेल्या एकाही मेसेजमध्ये हे दोन्ही एकत्र नव्हतं.

फोनवर थांबण्याचंच बघा. कंपन्या 'फोन उचलण्याचा सरासरी वेळ' मोजतात. हे मोजमाप सहसा तुम्ही रांगेत शिरल्यावर सुरू होतं. त्याआधी भाषा निवडली, मेनू ऐकला, तक्रार क्रमांक दाबला, तो चुकला म्हणून पुन्हा दाबला, हा सगळा वेळ तुमचा गेलेला असतो पण त्यांच्या आकड्यात नसतो. शिवाय हा सरासरी वेळ ज्यांचा फोन अखेर उचलला गेला त्यांच्यावरून काढतात. कंटाळून ज्यांनी फोन ठेवला ते वेगळ्या रकान्यात जातात.

आणि सरासरी म्हणजे तरी काय? दहा जणांनी फोन केला. नऊ जणांना एकेक मिनिट थांबावं लागलं, दहाव्याला ५१ मिनिटं. सरासरी निघते ६ मिनिटं. त्या दहांपैकी एकही माणूस ६ मिनिटं थांबलेला नाही, तरी 'प्रतीक्षेचा सरासरी वेळ ६ मिनिटं' हे वाक्य गणिताच्या दृष्टीने बरोबर ठरतं. दहाव्या माणसाने काय करायचं त्या वाक्याचं? त्याला '१० पैकी ९ जणांचा फोन एका मिनिटात उचलला जातो, काहींना पाऊण तासाहून जास्त लागू शकतो' असं सांगितलं तर तो ठरवू शकेल की आत्ता थांबायचं की रात्री करायचा.

'सध्या कॉल्सचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे' हे वाक्य मी सोमवारी सकाळी ऐकलं, बुधवारी दुपारी ऐकलं आणि पुढच्या सोमवारीही ऐकलं. वाईट मला याचं वाटतं की त्यात गर्दीचा दोष फोन करणाऱ्यांवर जातो. जणू आपणच सगळे एकदम आलो. वास्तविक किती फोन येतील आणि ते घ्यायला किती माणसं लागतील, हा हिशोब शंभर वर्षांहून जुना आहे. आग्नर एर्लांग नावाचे डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचे. त्यांनी १९०९ साली येणाऱ्या फोनच्या गणितावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली किती जणांना थांबावं लागेल, किती वेळ लागेल, हे काढायची सूत्रं मांडली. कॉल सेंटरमध्ये कोणत्या वेळी किती माणसं बसवायची, हे ठरवताना आजही ती सूत्रं वापरतात. या धंद्यात '८०/२०' हा शब्द सर्रास चालतो, म्हणजे ८० टक्के फोन २० सेकंदांत उचलायचे असं लक्ष्य. कोणी ते ठेवतं, कोणी सैल ठेवतं. पण लक्ष्य ठरवलेलं असतं. तुम्ही किती वेळ थांबणार हे बऱ्याच अंशी तुम्ही फोन करायच्या आधीच, माणसांची संख्या ठरवताना ठरलेलं असतं.

त्या गणितातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समजा एकच माणूस फोन घेतोय, प्रत्येक फोन सरासरी ५ मिनिटं चालतो आणि फोन कधीही येतात. तो माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. तोच ९० टक्के वेळ कामात असेल तर ४५ मिनिटं. ९५ टक्के असेल तर ९५ मिनिटं. म्हणजे खुर्चीतला माणूस जरासुद्धा मोकळा राहू नये असा हट्ट धरला की बाहेरची रांग वेड्यासारखी वाढते. मोठ्या कॉल सेंटरमध्ये आकडे इतके टोकाचे नसतात, पण वळण हेच असतं. मग 'नेहमीपेक्षा जास्त कॉल्स' म्हणण्यापेक्षा 'आत्ता आमच्याकडे माणसं कमी आहेत, अंदाजे ४० मिनिटं लागतील' असं म्हणावं. मला राग येणार नाही. मी कामाला लागेन.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसिकतेबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं की किती थांबायचं हे माहीत नसेल तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो, आणि का थांबायचं हे माहीत नसेल तरीही. होल्डवर बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. माझ्या बाबतीत सगळ्यात त्रासाचं होतं ते संगीत मध्येच थांबणं. संगीत थांबलं की वाटतं, उचलला कोणीतरी. हातातलं काम टाकून फोन कानाला लावायचा, घसा साफ करायचा, आणि रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा संगीत. त्या एका सकाळी मी असं किमान वीस वेळा केलं असेल. त्याच जागी दर वेळी 'तुमच्या आधी ११ जण आहेत' एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

अंदाज सांगणं सोपं आहे असं माझं म्हणणं नाही. पुढचा फोन दोन मिनिटांत संपेल की वीस, कोणाला माहीत. काही कंपन्या ठरावीक ग्राहकांना मधूनच पुढे घेतात, त्यामुळे चौथा नंबर असलेला माणूस पाचवा होऊ शकतो. पण अंदाज चुकला तर बदलून सांगता येतो. काही ठिकाणी 'रांगेतली तुमची जागा राखून ठेवतो, नंबर आला की आम्हीच फोन करतो' अशी सोय असते. ती फार चांगली आहे. तिथेही 'दुपारी ३ ते ४ च्या दरम्यान' एवढं जोडलं तर माणूस फोन हातात धरून बसणार नाही.

आता मुदत कुठे संपते त्याबद्दल, कारण खरा मनस्ताप मला तिथे झाला.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला मेसेज आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला गुण द्या.' आईचं मशीन समोर टेबलावर डबीत होतं. कोणी आलं नव्हतं, कोणी फोन केला नव्हता. मी चौकशी केली तेव्हा कळलं की तक्रार 'संबंधित विभागाकडे' पाठवली गेली आणि तिथे तिचा नवीन क्रमांक पडला. जुना क्रमांक बंद, मुदतीच्या पंधरा मिनिटं आधी. नव्या क्रमांकाचे नवे ४८ कामकाजाचे तास. त्यांच्या नोंदीत आमचं काम वेळेत झालं होतं.

हे मी नंतर अशा यंत्रणांवर काम केलेल्या एका मैत्रिणीकडून समजून घेतलं. 'प्रतिसादाचा वेळ' आणि 'निराकरणाचा वेळ' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुमचा ईमेल पोचल्यावर आपोआप जाणारं 'आम्हाला आपला निरोप मिळाला' हे उत्तरसुद्धा काही ठिकाणी प्रतिसाद म्हणून धरतात. तक्रारीवर 'ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत आहोत' असा शिक्का मारला की बहुतेक यंत्रणांमध्ये घड्याळ थांबवता येतं, आणि तुम्ही तिकडे वाट बघत बसलेले असता. आपण मात्र '२४ तासांत प्रतिसाद' हे शब्द '२४ तासांत काम' असेच वाचतो. म्हणून आता मी फोनवर एकच प्रश्न विचारते: या मुदतीत नक्की काय होणार? माणूस येणार, फोन येणार, की फक्त कागद पुढे सरकणार? पहिल्या खेपेला समोरचा गोंधळतो. दुसऱ्यांदा विचारलं की बहुतेक वेळा खरं सांगतो.

फोनवरच्या मुलामुलींवर माझा अजिबात राग नाही. त्यांच्यापुढे वाक्यं लिहिलेली असतात आणि तीच बोलायची असतात. एकाचा फोन किती मिनिटं चालला हे मोजलं जातं, त्यामुळे समजावून सांगायला थांबणं त्यालाच महागात पडतं. वाक्यं लिहिणारा माणूस मात्र फोनवर कधीच येत नाही. माझं सगळं म्हणणं त्याच्याशी आहे. तारीख कशी काढायची हे तुमच्या संगणकाला येतं. सुट्ट्या त्याला माहीत आहेत, कामाची वेळ माहीत आहे, तक्रार कधी आली ते माहीत आहे. '४८ कामकाजाचे तास' हे गणित ग्राहकाकडून कॅलेंडर घेऊन करून घेण्यापेक्षा उत्तरच छापा. सोमवार, अमुक तारीख, संध्याकाळी ६ पर्यंत, आमचा माणूस घरी येईल. तुमची मुदत दहा दिवसांची असेल तर दहा दिवसांची सांगा. आईला दहा दिवस कळले असते तर तिने त्या दिवसांची सोय लावली असती. तिची डॉक्टरची भेट पुढे ढकलली असती, बहिणीला येऊन राहायला सांगितलं असतं. तिला खोटी आशा दिली गेली, आणि ती माझ्या अक्षरात दिली गेली, हे मला अजून सलतं.

मंगळवारी पुन्हा फोन केला. या वेळी एक मुलगी होती. मी तोच प्रश्न विचारला, मुदतीत नक्की काय होणार. ती क्षणभर गप्प झाली, मग तिचा आवाज जरा खाली आला. "मॅम, खरं सांगू का? या मशीनचा रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा भाग, शिल्लक नाहीये. नवीन परवा संध्याकाळी येतोय. त्याआधी कोणी आलं तरी उपयोग नाही. शुक्रवारी दुपारी बारा ते दोनमध्ये आमचा माणूस येईल. काही बदललं तर मी सकाळी फोन करेन."

मी वहीचं नवीन पान काढलं आणि लिहिलं: शुक्रवार, दुपारी १२ ते २. आईने ते बोट ठेवून वाचलं, मोठ्याने "शुक्रवार" म्हणाली, आणि उठून दारासमोरची खुर्ची पुन्हा खिडकीपाशी नेऊन ठेवली.