चार मेडिकल कॉलेजं हो म्हणाली? अरेरे!

सर्वप्रथम अभिनंदन. अमेरिकेत मेडिकलच्या एका जागेसाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करत बसतात आणि तुमच्या हातात चार कॉलेजांचे होकार आहेत. आता ताबडतोब दुःखी व्हा. 'काही सुचतच नाही हो' असं सुस्कारा टाकून म्हणायला शिका. ज्यांच्या मुलीला अजून कुठूनच पत्र आलेलं नाही, त्यांच्यासमोर तर आवर्जून.

निवड करताना आधी नाव बघायचं. हार्वर्ड मेडिकल स्कूलने जानेवारी २०२३ मध्ये 'यूएस न्यूज' या माध्यमसंस्थेच्या कॉलेजांच्या क्रमवारीतून अंग काढून घेतलं, पाठोपाठ कोलंबिया आणि स्टॅनफर्डही बाहेर पडली. २०२४ मध्ये तर 'यूएस न्यूज'नेच नंबर देणं सोडून कॉलेजांचे चार गट पाडले. काही बिघडत नाही, तुम्ही जुनी यादी जपून ठेवा. ऑपरेशन टेबलवर आडवं होण्याआधी पेशंट विचारतोच, 'डॉक्टर, २०२२ साली तुमचं कॉलेज कितवं होतं?' कुणी सांगेल, जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेला, नुसतं पास-नापास आहे, म्हणून रेसिडेन्सीवाले, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात प्रशिक्षणाला घेणारे, आता कॉलेजचं नावच बघतात. लगेच मान डोलवा. स्टेप टूला अजून मार्क मिळतात, याची त्याला आठवण करून देऊ नका.

तरीही निर्णय शास्त्रीय दिसायला हवा, तेव्हा एक्सेल शीट उघडा. फी, शहर, अभ्यासक्रम, रेसिडेन्सीचे निकाल असे रकाने पाडा, प्रत्येकाला टक्के द्या आणि बेरीज करा. नको असलेलं कॉलेज पहिलं आलं तर घाबरायचं कारण नाही. फीचे ३० टक्के १० वर आणा आणि 'एकंदर वातावरण' नावाचा नवा रकाना घाला. मनातलं कॉलेज वर येईपर्यंत हे चालू ठेवा. पुढे संशोधन करायचं असेल तर ही सवय उपयोगी पडेल.

फीबद्दल फार बोलणं तसं कमीपणाचं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये मेडिकलच्या सगळ्या विद्यार्थ्यांची ट्यूशन फी माफ केली. २०२४ मध्ये तिथल्याच माजी प्राध्यापिका रूथ गॉटसमन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजला १०० कोटी डॉलर दिले, तेव्हापासून तिथेही ट्यूशन फी नाही. फुकट आहे म्हणजे पाणी मुरतंय, असं समजा. त्यापेक्षा कर्ज बरं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदाराला सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरच मिळणार, वरचं खासगी कर्ज शोधायचं. रेसिडेन्सीत तुम्ही रात्र रात्र जागाल तेव्हा व्याजही जागंच असेल. तेवढीच सोबत.

'सेकंड लूक'ला, म्हणजे होकारानंतर कॉलेज बघायला बोलावतात त्या भेटीला, जरूर जा. सिम्युलेशन लॅबमधला पुतळा डोळे मिचकावतो, त्याची नाडी लागते, बटण दाबलं की बीपी पडतो. भारावून जा. तिसऱ्या वर्षी वॉर्डात कुणाच्या हाताखाली काम करणार, हॉस्पिटलं एकमेकांपासून किती लांब, पहाटे साडेचारला तिथे गाडीशिवाय पोचता येतं का, असल्या चौकश्या करू नका, उगाच लोकांचे चेहरे पडतात. विचारायचंच असेल तर डीन शेजारी उभे असताना सेकंड इयरच्या एखाद्या मुलीला विचारा, 'इथे बरं वाटतं ना?' ती म्हणेल, 'हो, सगळे खूप सपोर्टिव्ह आहेत.' हे वहीत लिहून घ्या. थोड्या वेळाने कॉफीच्या रांगेत तीच मुलगी एकटी भेटेल. तेव्हा मात्र हवापाण्याच्या गप्पा मारा, नाहीतर ती खरं काहीतरी सांगून बसायची.

आता तारखा. १५ एप्रिलपर्यंत फार तर तीन आणि ३० एप्रिलपर्यंत एकच जागा हातात ठेवावी, असा तिथला संकेत आहे. जिथे काही झालं तरी जाणार नाही, ती जागासुद्धा शेवटच्या संध्याकाळपर्यंत अडवून ठेवा. तिच्यासाठी वेटलिस्टवर थांबलेला मुलगा जेवतानाही फोन खाली ठेवत नसेल, पण डॉक्टरला संयम लागतोच, त्याचाही सराव होतोय. शिवाय नकाराचा ईमेल चांगला दोन ओळींचा असतो. एवढं लिहायला निवांतपणा नको?

३० तारखेला 'प्लॅन टू एनरोल' करा, म्हणजे 'इथे यायचा विचार आहे' एवढंच कळवा. 'कमिट टू एनरोल'ला, म्हणजे 'इथेच येणार' या पक्क्या शब्दाला, इतक्यात हात लावू नका, ते केलं की बाकीच्या वेटलिस्टवरून नाव काढावं लागतं. पाचव्या एका कॉलेजाच्या वेटलिस्टवर तुम्ही अजून आहात, आणि एक्सेलमध्ये एक ओळ वाढवायला कितीसा वेळ लागतो?