टिक्की, सजा दा डब्बा आणि आपलं मराठी समालोचन

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून मामेभावाचा लांबलचक संदेश आला. मराठीची स्वतंत्र क्रीडा वाहिनी हवी, केंद्र सरकारनं तिला परवाना द्यावा, अशी मागणी घेऊन तो आणि त्याचे मित्र आमदारांना भेटणार आहेत. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "ताई, तुमच्या कॅनडात पंजाब्यांना, चिन्यांना, इटालियनांना, सगळ्यांना वाहिनी मिळते. मग आपल्याच राज्यात आपल्याला का नाही?"

त्याची तळमळ खरी आहे आणि ती मला मनापासून पटते. पण कॅनडाचा दाखला देण्याआधी इथं काय झालं ते त्यानं ऐकायला हवं. वीस वर्षं टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहून मी पाहत आले आहे की परवाना मिळणं वेगळं, वाहिनी घरात पोचणं वेगळं आणि ती आपल्या माणसाला कळणं आणखी वेगळं.

इथं वाहिन्यांचं सगळं सीआरटीसी हा आयोग बघतो. कॅनडा बहुसांस्कृतिक आहे आणि ते प्रसारणात दिसलं पाहिजे, हे १९९१ च्या प्रसारण कायद्यातच लिहिलं आहे. मूळ रहिवासी, फ्रेंच आणि ब्रिटिश मुळाचे लोक सोडून बाकी समाजांसाठी जे कार्यक्रम होतात, त्यांना इथं 'एथ्निक' म्हणतात. त्यासाठी आयोगाचं वेगळं धोरण आहे, पहिलं १९८५ चं आणि सुधारलेलं १९९९ चं. कागदावर हे सगळं फार चांगलं आहे. अर्ज आला की आयोग तो जाहीर करतो, कुणीही नागरिक त्यावर लेखी म्हणणं मांडू शकतो, अर्जदाराला उत्तर द्यावं लागतं आणि निर्णय कारणांसह छापला जातो. आपल्याकडच्या परवानगीच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याची किंमत कळेल. ही पद्धत आपण जरूर उचलावी.

आता पुढचं ऐका. नोव्हेंबर २००० मध्ये आयोगानं एकदम २६२ डिजिटल वाहिन्यांना 'कॅटेगरी २' परवाने दिले. त्यानंतरची वर्षंही अशा परवान्यांचीच होती. अर्जात वाहिनीचं स्वरूप बांधून द्यावं लागे. क्रिकेटची म्हटलं की क्रिकेटचीच. कॅनडात बनलेले कार्यक्रम किती टक्के हवेत, हेही ठरलेलं. जुन्या वाहिनीचं नुकसान होणार नाही ना, हे आयोग तपासून घेई. एवढं सगळं पार पडलं की सात वर्षांपर्यंतचा परवाना हाती येई. आणि त्या परवान्यात एकच गोष्ट नसे: केबलवाल्यानं ती वाहिनी दाखवलीच पाहिजे अशी सक्ती. ती सक्ती 'कॅटेगरी १' ला होती. 'कॅटेगरी २' वाल्यानं परवाना घेऊन केबल आणि उपग्रह कंपन्यांच्या दारात जायचं आणि आम्हाला घ्या म्हणून बोलणी करायची. कितीतरी परवाने तसेच पडून राहिले, त्यांची वाहिनी कधी सुरूच झाली नाही. आता तर दोन लाखांपेक्षा कमी वर्गणीदार असलेल्या वाहिनीला परवान्यातून सूटच मिळते. म्हणजे मामेभाऊ ज्या कागदासाठी आमदारांकडे चालला आहे, तो कागद इथं लहान वाहिनीला लागतसुद्धा नाही. पण तेवढ्यानं तिची अडचण सुटलेली नाही, कारण अडचण कागदाची नव्हतीच.

इटालियन लोकांचं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांना इटलीच्या सरकारी वाहिनीचं, रायचं, प्रक्षेपण थेट हवं होतं. २००४ च्या जुलैमध्ये आयोगानं नकार दिला. समाज खवळला, राजकारणी त्यात उतरले. डिसेंबरमध्ये आयोगानं धोरणच बदललं आणि २००५ मध्ये राय आली. मात्र अट अशी की राय हवी असेल तर इथली जुनी इटालियन वाहिनीही घ्यायची. इथल्या वाहिनीला वाचवण्याचा हेतू मला समजतो, पण तिचे पैसे शेवटी पेन्शनीतल्या आजोबांच्या खिशातूनच गेले.

आमच्या घरी हे सगळं उमगलं ते एका सकाळी.

२ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत. भारतात दुपारचे अडीच म्हणजे आमच्याकडे पहाटेचे पाच. अण्णा, माझे वडील, पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, शाळा मराठी सातवीपर्यंत. त्यांच्यासाठी मी आधीच्या आठवड्यात क्रिकेट वाहिनी मागवली. ती सुटी मिळत नव्हती. आधी दक्षिण आशियाई पॅकेज, त्यावर क्रिकेट. पैसे भरले, ऑर्डर नोंदली गेली. पहाटे साडेचारला टीव्ही लावला तर पडद्यावर नुसती निळी चौकट आणि 'या वाहिनीसाठी संपर्क साधा'. केबल कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, नोंदणी दिसते आहे, चालू व्हायला चोवीस तास लागतील. अण्णा स्वेटर घालून, कानटोपी बांधून सोफ्यावर बसले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त रिमोट हळूच टीपॉयवर ठेवला.

समोरच्या पंजाबी घरातला तळघराचा दिवा लागलेला होता. आम्ही चपलांवरच बर्फातून तिकडे गेलो. तिथं पंधरा-वीस माणसं आधीच बसली होती. त्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी, बीजींनी, अण्णांना रजई दिली, चहा दिला. सामना दिसला. दुपारी एक वाजून गेल्यावर धोनीचा षटकारही दिसला, सगळं तळघर उभं राहिलं. पण समालोचन इंग्रजीत. मलिंगानं पहिल्याच षटकात सेहवागला घेतलं तेव्हापासून अण्णा दर थोड्या वेळानं माझ्याकडे वळून विचारत होते, "काय म्हणाला गं?" मी सांगायची. पण मी सांगेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असायचा. खास आपल्या लोकांसाठी म्हणून मिळालेली वाहिनी होती ती, आणि तिच्यासमोर माझे वडील तासन्‌तास दुभाषी घेऊन बसले होते.

पुढच्या एका शनिवारी संध्याकाळी बीजींनी अण्णांना पुन्हा बोलावलं. मला वाटलं जेवायला. जाऊन बघते तर बीजी आइस हॉकी बघत होत्या. कॅनडाचा खेळ, टोरंटोचा संघ, आणि समालोचन पंजाबीत. २००८ पासून इथं शनिवारच्या हॉकीचं समालोचन पंजाबीत होतं. आधी ते सीबीसी या सरकारी वाहिनीकडून व्हायचं, २०१४ पासून ओम्नी या बहुभाषिक वाहिनीवर आहे. समालोचक हरनारायण सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी शब्द घडवले. पकला, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या चपट्या रबरी चकतीला, 'टिक्की' म्हटलं, आलू टिक्कीतली. नियम मोडणाऱ्याला बसवतात त्या जागेला 'सजा दा डब्बा'. गोल झाला की 'मारिया शॉट, कीता गोल!' बीजींना इंग्रजी येत नाही. पण पॉवर प्ले म्हणजे काय (समोरचा गडी डब्ब्यात असताना आपला एक गडी जास्त), कुणाला किती मिनिटांची शिक्षा झाली, हे त्या आपल्या मोडक्या हिंदीत अण्णांना समजावत होत्या. तासाभरात अण्णा "डब्ब्यात बसवा त्याला!" म्हणून ओरडायला लागले.

या एका कार्यक्रमानं पंजाबी समाजाला जे दिलं, ते कुठल्याही क्रिकेट वाहिनीनं दिलं नाही असं माझं ठाम मत आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गच्या निक बोनिनोनं गोल केला आणि हरनारायण 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' करत राहिले. ती चित्रफीत अख्ख्या उत्तर अमेरिकेनं ऐकली. त्याच वर्षी ते हॉकीच्या इंग्रजी प्रक्षेपणातही दिसू लागले. वेगळ्या पॅकेजात घातलेलं क्रिकेट मात्र तिथंच राहिलं. खरं तर क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच झाला होता. आज तोच खेळ इथं 'त्या लोकांचा खेळ' म्हणून एका कप्प्यात आहे, आणि त्या कप्प्याला स्वतःचा दर आहे.

आता आपल्या घराकडे बघू. आपल्याकडे एक गोष्ट कॅनडापेक्षा कितीतरी बरी आहे आणि तिची कुणाला आठवणही नसते. जानेवारी २००७ मध्ये नागपूरला भारत-वेस्ट इंडीज सामना होता, हक्क खासगी कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळेना. त्या वादातून कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचेच, टीव्हीच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले पंचाहत्तर टक्के हक्कदाराला, पंचवीस प्रसार भारतीला. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच होतं की ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता आहे. असा कायदा इथं नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते चित्र फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्याच्याच मोफत उपग्रह सेवेवर. केबलच्या घरात त्याचा उपयोग नाही. म्हणजे तिकडेही गाठ पोहोचण्याशीच येऊन पडते.

आणि भाषेचं म्हणाल तर आपण काही रिकाम्या हातानं आलेलो नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितलं तेव्हा गावोगाव माणसं रेडिओभोवती बसत. अण्णा त्यातलेच एक, मागाच्या खडखडाटात ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकणारे. २०२३ मध्ये आयपीएल ॲपवर मराठीत आली. केदार जाधव मराठी समालोचन करत होता आणि हंगामाच्या मध्येच बंगळूरुच्या संघानं त्याला खेळायला बोलावून घेतलं. याचा अर्थ वेगळ्या वाहिनीशिवाय, नव्या परवान्याशिवाय मराठी येऊ शकते. एकाच चित्रावर दुसरा आवाज चढवायचा एवढंच काम आहे. आता ते एका हंगामाच्या, एका कंपनीच्या मर्जीवर राहता कामा नये.

म्हणून मामेभावाला मी लिहिलं: आमदारांकडे जरूर जा, पण मागणी बदल. जो सामना कायद्यानं दूरदर्शनला द्यावाच लागतो, त्यावर मराठी आवाजाचा पर्याय महाराष्ट्रात असलाच पाहिजे, ही पहिली मागणी. फ्री डिशवरही आणि केबलवरही, ही दुसरी. आणि तिसरी खो-खोची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. या खेळाची भाषा तर घडवावीही लागत नाही. खांब, पाटी, हुलकावणी, सूर मारून टिपलेला गडी, सगळं तयार आहे. ते बोलणारी माणसं सांगली-इचलकरंजीच्या मैदानांवर रोज संध्याकाळी उभी असतात. त्यांच्या हातात माईक द्या.

मामेभावानं उत्तर पाठवलं की मित्रांना हे पटवणं अवघड आहे, 'स्वतंत्र वाहिनी' म्हटलं की लोक जमतात, 'दुसरा आवाज' म्हटलं की जमत नाहीत. असेल. मग त्यानं अण्णांना सोबत न्यावं. ते आता ऐंशीच्या पुढचे आहेत, पण 'डब्ब्यात बसवा त्याला' अजून विसरलेले नाहीत, आणि बीजींना हॉकी कशी समजत होती ते आमदारांना पाच मिनिटांत सांगतील.