‘वेल्डिंग मारा, चालेल’: जुन्या मोटरहोमच्या हवेच्या टाकीबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

गेले काही महिने इथल्या मराठी मित्रमंडळींत एक मजकूर फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. सारांश असा: सत्तरच्या दशकातल्या जीएमसी मोटरहोमची, म्हणजे आत राहता येईल अशा घरगाडीची, मागच्या हवेच्या बलूनना हवा पुरवणारी टाकी गंजून गळायला लागली तर नवी घेऊ नका. भोकावर वेल्डिंग मारा किंवा इपॉक्सी पुटी लावा, नाहीतर प्रोपेनचा रिकामा सिलिंडर किंवा जाड पीव्हीसी पाइप बसवा. आत दाब असतो तो सायकलच्या टायरएवढाच. गाडी रात्रीत मागून बसली की टाकीच गेली समजा. काम अंगणात तासाभरात होतं, गाडीला खालून आधार द्यायचीही गरज नाही. नियमाप्रमाणे बनवल्याचा शिक्का असलेल्या टाक्या हा पैसे काढायचा धंदा आहे, आणि मूळ टाकी काढली की जुन्या गाडीची किंमत उतरते.

मी मिशिगनमध्ये राहतो. ज्या पाँटिअ‍ॅक गावात १९७३ ते १९७८ या काळात या गाड्या बनल्या, ते माझ्या घरापासून फार लांब नाही. माझ्याकडे १९७६ ची, २६ फुटी गाडी आहे आणि दोन वर्षांपूर्वी मी तिची टाकी स्वतः बदलली. या मजकुरातलं एक वाक्य माणसाचा जीव घेऊ शकतं, म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करतो.

‘गाडीला आधार द्यायची गरज नाही, टाकी सोडवली तरी बलूनमधली हवा झडपा अडवून धरतात.’

कागदावर हे बरोबर आहे. पण या गाडीची रचना आधी समजून घ्या. इंजिन आणि त्याने फिरणारी चाकं पुढे, त्यामुळे मागे आडवा अ‍ॅक्सल नाही. प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं, दोघांचे स्वतंत्र आर्म (चाक धरणारे दांडे), आणि त्या दोन आर्मच्या मध्ये आडवा पडलेला एक हवेचा बलून. तो आर्मना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि त्यावर गाडीचा मागचा भाग उभा राहतो. मागे दुसरी स्प्रिंगच नाही. हवा गेली की मागचा भाग खाली येतो, आणि ही गाडी मुळातच इतकी बुटकी की खाली माणूस असेल तर त्याच्या छातीसाठी जागा उरत नाही. सामान भरलेली गाडी पाच टनांच्या घरात जाते.

आता झडपांचं. त्या पन्नास वर्षांच्या जुन्या असू शकतात, त्यातलं रबर कडक झालेलं असतं. शिवाय टाकीकडे जाणाऱ्या आणि बलूनकडे जाणाऱ्या नळ्या दिसायला सारख्याच. आडवं पडून, टॉर्च दातात धरून पाना लावताना चुकीचा नट ढिला होणं अगदी शक्य आहे. म्हणून क्रम असा: सपाट, पक्की जमीन. पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावायची. बलून पूर्ण फुगवून गाडी वर घ्यायची आणि चासिसच्या मुख्य पट्ट्यांखाली चांगल्या वजनाचे जॅक स्टँड लावायचे, आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला घोडी म्हणतात ते. नुसता जॅक नाही, विटा नाहीत, लाकडाचे ठोकळे नाहीत. मग बलूनमधली हवा आपणहून सोडून द्यायची, म्हणजे वजन घोड्यांवर येऊन बसतं. नंतर टाकीची हवा सोडायची. मीटरचा काटा शून्यावर आल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ही तयारी करायला मला जवळजवळ दोन तास लागले. टाकी बदलायला त्याहून कमी.

‘दाब सायकलच्या टायरएवढाच.’

आकडा खोटा नाही. रेसिंग सायकलच्या अरुंद टायरमध्ये १०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असतो आणि या टाकीतही शंभर-सव्वाशेच्या आसपास. पण त्या टायरमध्ये हवा मावते जेमतेम एक लिटर. माझी टाकी पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची. १२० पीएसआयला तिच्यात साठलेली ऊर्जा हिशेबाने साधारण २० किलोज्यूल येते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं ४० मीटर उंचीवरून सोडलं तर जमिनीवर आदळताना जेवढी असेल तेवढी. टाकीचा व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या बुडाच्या एकेका झाकणावर चार टनांहून अधिक रेटा आहे. टायर फुटला तर आवाज होतो आणि रबर फाटतं. टाकीचं झाकण सुटलं तर ते पोलाद उडतं.

म्हणूनच दाबाच्या भांड्याची चाचणी पाण्याने घेतात. त्याच टाकीत त्याच दाबाला हवेऐवजी पाणी भरलं तर पाण्यात दबून साठणारी ऊर्जा तीन-चार ज्यूल एवढीच, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. भांडं तडकलं तर पाण्याची एक चिळकांडी उडते आणि संपलं. ‘कॉम्प्रेसर लावून दीडपट दाब देऊन बघा, टिकली तर टाकी चांगली’ असंही त्या मजकुराच्या शेवटी आहे. कृपा करून हे करू नका.

वेल्डिंग आणि पुटीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हात आपसूक तिकडेच जातो. आपण सगळे ‘फेकू नका, दुरुस्त करा’ अशा घरांत वाढलो आणि ती सवय चांगलीच आहे. पण इथे टाकी गंजते कशी ते बघा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या दिवशी एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १२० पीएसआयला कॉम्प्रेसर नऊ लिटर हवा एका लिटरमध्ये कोंबतो. हवा थंड झाली की तेवढी वाफ तिच्यात मावत नाही, तिचं पाणी होतं. माझी टाकी रिकामीपासून एकदा भरली तर साडेतीन ग्रॅम पाणी आत सुटतं. कुठेतरी बारीक गळती असेल तर कॉम्प्रेसर दिवसभर थोडाथोडा चालतो आणि पाणी साठत जातं. ते जातं तळाला आणि तिथेच राहतं. म्हणजे गंज टाकीभर सारखा चढत नाही, तळाच्या एका लांबट पट्ट्यात आतून खात जातो.

माझे मामा ट्रक चालवायचे. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडायचे. लालसर, तेलकट पाणी पडायचं. मला लहानपणी वाटायचं की गाडी आजारी आहे.

तर भोक पडतं ते त्या पट्ट्यातल्या सगळ्यात पातळ जागी, आणि त्याच्या आजूबाजूचा पत्राही तितकाच थकलेला असतो. वेल्डिंगची ज्योत त्यावर नेली की शेजारी नवीन भोक पडतं. पडलं नाही तर टाका पातळ पत्र्याला धरून राहतो आणि पुढच्या खड्ड्यांत त्याच्या कडेने चीर जाते. पुटीची गोष्ट याहून वाईट. गळती ही टाकीने दिलेली सूचना असते. पुटी ती सूचना बंद करते आणि आतला गंज चालूच राहतो. माझ्या टाकीवर आधीच्या मालकाने पुटीचा गोळा लावलेला होता. तो खरवडून काढला तर त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत स्क्रूड्रायव्हरचं टोक हाताच्या जोराने आत गेलं. नंतर मी ती टाकी आडवी कापली. वरच्या बाजूला पत्रा तीन मिलिमीटर भरला, तळाला भोकापासून बऱ्याच लांबही एक मिलिमीटरपेक्षा कमी. बाहेरून काळा रंग मात्र छान होता.

प्रोपेनच्या सिलिंडरबद्दल थोडं मान्य करतो. इथे बार्बेक्यूला मिळणारे सिलिंडर २४० पीएसआयचे असतात, त्यामुळे दाबाचा हिशेब तसा बसतो. अडचण पाण्याची आहे. प्रोपेन कोरडा असतो, म्हणून त्या सिलिंडरला तळाशी पाणी काढायची सोयच नसते. ती करायची तर बुडाला भोक पाडून वेल्डिंग करावं लागतं, आणि तिथेच त्या २४० चा अर्थ संपतो. उरलेल्या गॅससह वेल्डिंग करण्याचा धोका तर वेगळाच. भारतातल्या नातेवाइकांनी हा मजकूर वाचून घरगुती सिलिंडरचा विचार केला असेल तर एवढंच सांगतो की तो तुमचा नसतो, कंपनीचा असतो, आणि त्याला हात लावणं बेकायदा आहे.

पीव्हीसी पाइपला मात्र अजिबात सूट नाही. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. हवेच्या दाबाखाली पीव्हीसी फुटतं तेव्हा त्याचे धारदार तुकडे उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ओशाने, १९८८ मध्येच याबद्दल इशारा काढला होता. मिशिगनच्या थंडीत ते आणखी ठिसूळ होतं.

‘रात्रीत मागून बसली की टाकीच गेली.’

यामुळे लोक चांगल्या टाक्या काढून टाकतात. टाकी दोन्ही बाजूंना सामाईक आहे. एकच बाजू बसत असेल तर दोष त्या बाजूच्या बलूनमध्ये, नळीत किंवा झडपेत शोधा. टाकी गळत असेल आणि झडपा नीट असतील तर गाडी उभीच राहते, फक्त कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होतो. साबणाच्या पाण्याचा ब्रश सगळ्या जोडांवर फिरवा, बुडबुडे जागा सांगतात. आणि थंडीचाही विचार करा. दुपारी ३० अंश आणि पहाटे शून्य असेल तर बलूनमधला दाब गळतीशिवायच दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि गाडी थोडी खाली दिसते.

शिक्क्याच्या टाकीला ‘धंदा’ म्हणणाऱ्यांनी तो शिक्का कुठून आला ते वाचावं. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने बॉयलरचे नियम केले आणि पुढे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, एएसएमईने, आपली संहिता काढली. ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाक्यांचा अमेरिकी नियम वेगळा आहे. कॉम्प्रेसर ज्या दाबाला बंद होतो त्याच्या पाचपट किंवा ५०० पीएसआय, यातलं जे जास्त असेल तेवढा पाण्याचा दाब टाकीने दहा मिनिटं सोसला पाहिजे आणि तिला पाणी काढायचा कॉक असलाच पाहिजे. मी अशीच ट्रकची पाच गॅलनची टाकी घेतली. सव्वाशे डॉलरच्या आत पडली. या गाडीचे सहा टायर बदलायचे म्हटलं तर याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि ते आपण कुरकुर न करता देतो.

बसवताना कॉक सगळ्यात खाली येईल अशी टाकी फिरवून घ्या. पट्टे आणि टाकीमध्ये रबर द्या, नाहीतर घासून रंग जातो आणि गंज बाहेरूनही सुरू होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन लावा. नळी एअर ब्रेकची, नायलॉनची घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नको. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा. टेपचा एक तुकडा झडपेत अडकला की ती नीट मिटत नाही आणि तुम्ही पुन्हा गळती शोधत बसता.

राहिला किमतीचा मुद्दा. या गाड्या सुमारे १३ हजार बनल्या, आणि घेणारा माणूस जमिनीवर आडवा होऊन खालून बघतो. मी स्वतः गाडी घेताना तसंच केलं होतं. पुटी दिसल्यावर मी किमतीतून पैसे कमी करून घेतले. नवी टाकी दिसली असती तर मागितले तेवढे दिले असते. कापलेल्या टाकीचे दोन तुकडे माझ्या गॅरेजात ठेवले आहेत. इथल्या कुणाला आपली टाकी अजून चालेल का असा प्रश्न असेल तर येऊन त्या तळावरून बोट फिरवून बघा, आणि येताना टॉर्च घेऊन या, तुमच्या गाडीखालीही बघून घेऊ.