‘रुग्णाला बरं वाटलं ना?’ : एका फिजिओथेरपिस्ट ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

व्हीआर हेडसेटवरच्या, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या उपकरणावरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, हेडसेट लावून व्यायाम केला की तुमचे कंबरदुखीचे रुग्ण हसत उठतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने अशा उपकरणाला मान्यताही दिली आहे. मग रुग्णालयासाठी उपकरणं तपासणारा माझ्यासारखा इंजिनिअर पुराव्याचा हट्ट का धरतो? शिवाय ‘महागडं खेळणं’ हा माझा शब्द तुम्हाला लागला. तो मी मागे घेतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात १९९०च्या दशकापासून हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना व्हीआर वापरून पाहिलं, आणि सुरुवातीलाच त्याची तुलना साध्या व्हिडिओ गेमशी केली. खेळण्याला कुणी अशी परीक्षा द्यायला लावत नाही.

माझं सगळं म्हणणं त्या तुलनेपाशीच आहे. तुम्ही ज्या मान्यतेचा दाखला दिलात ती नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ईझव्हीआरएक्स’ या व्हीआर उपकरणाला मिळाली. चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १७९ जण होते. घरच्या घरी आठ आठवडे, रोज एक छोटं सत्र. निम्म्यांना खरा कार्यक्रम मिळाला: श्वासाचे व्यायाम, लक्ष वळवणं, वेदनेबद्दलची समज. उरलेल्यांनाही हेडसेटच दिला, पण त्यात निसर्गाची साधी, सपाट चित्रफीत. खऱ्या गटातल्या ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून जास्त कमी झाली. आणि नुसती चित्रफीत पाहणाऱ्यांमध्ये? ४१ टक्क्यांची!

ताई, हा ४१चा आकडा मला ६६पेक्षा मोलाचा वाटतो. ही माणसंही हसतच उठली असतील. कुणीतरी आपली दखल घेतली, रोज थोडा वेळ शांत बसता आलं, दुखणं चढउताराच्या चक्रात आपसूक थोडं उतरलं. यातलं काहीही कारण असेल. दुसरा गट नसता तर हे सगळं श्रेय यंत्राच्या खात्यात जमा झालं असतं. गट होता म्हणूनच मधला फरक खऱ्या कार्यक्रमाचा आहे, नुसत्या हेडसेटचा नाही, असं आज ठामपणे सांगता येतं. म्हणजे तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा याच ‘हट्टा’तून आला आहे.

मान्यता कशाला आहे तेही पाहा. प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी, इतर उपचारांच्या जोडीने, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. गुडघ्याला नाही, लकव्यानंतरच्या हाताला नाही, आणि दिसायला तसंच असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटला तर नाहीच. शिवाय चाचणीतल्या सूचना इंग्रजीत होत्या. ‘श्वास सोडा’ हे आपल्या भाषेत सांगणारा आवाज घातला, की तो कार्यक्रम वेगळा झाला. त्याची परीक्षा पुन्हा घ्यायला हवी.

त्रासाची नोंद हा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही. त्या चाचणीत सुमारे २१ टक्के लोकांना हेडसेटचा जाच झाला, जवळजवळ १० टक्क्यांना मळमळलं. आमच्याकडे एका प्रात्यक्षिकात साठी ओलांडलेल्या एक बाई हेडसेट काढून उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. विक्रेत्याच्या फॉर्मवर ‘अनुभव कसा वाटला?’ याखाली पाच तारे होते, चक्कर लिहायला जागाच नव्हती. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना अर्ध्या किलोचं वजन कपाळावर किती वेळ सोसेल, हे तर तुम्ही मला शिकवावं.

शस्त्रक्रियेत वापरायच्या एआर चष्म्यांबद्दल (समोरच्या खऱ्या दृश्यावरच संगणकाची प्रतिमा दाखवणाऱ्या) मी जास्त कडक का, असंही तुम्ही विचारलंत. होलोलेन्स २ या अशाच एका चष्म्याची प्रतिमा साधारण दोन मीटरवर केंद्रित असते, सर्जनचे हात अर्ध्या मीटरवर. खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहत डोळ्यांपुढे बोट धरा. दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पाठीच्या कण्यात स्क्रू बसवताना या धूसरपणाची किंमत मिलिमीटरांत मोजावी लागते.

तुमचा एक वार मात्र मला वर्मी लागला: दुखण्यावर सौम्य वीजप्रवाह किंवा ध्वनिलहरी देणारी टेन्स, अल्ट्रासाउंड, आयएफटी ही यंत्रं वर्षानुवर्षं चालतात, त्यांना असे प्रश्न कुणी विचारत नाही. विचारले गेले आहेत, ताई, आणि उत्तर चांगलं नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी ही तिन्ही देऊ नयेत असंच सांगितलं. तरी आपल्याकडे ती यंत्रं सुरूच आहेत, आणि त्यावर मी आजवर एक ओळही लिहिली नाही. पुढचा लेख त्यावरच लिहितो.

छोट्या क्लिनिकने १७९ जणांची चाचणी करावी असं मी म्हणत नाही. एक वही पुरेल. सत्राआधी दहापैकी वेदना किती, खाली वाकून चप्पल घालता येते का, गोळी किती वेळा लागते. आणि हेच प्रश्न महिन्याने फोनवर. मध्येच येणं थांबवलेल्यांना फोन आधी करा. नोंदी पाठवायला तयार असाल तर नावं काढून पाठवा, मी बसून आकडे मांडून देईन.