टक् वाजलं की बोल्ट ओढा म्हणे!

काल रात्री अकराला भाचीचा मेसेज, "मावशी, हे खरंय का गं?" आणि खाली तो फॉरवर्ड. 'माजी कमांडोच्या ५ टिप्स, रेंजवर गोळी सुटली नाही तर काय कराल?' तिच्या शूटिंग रेंजच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला, खाली हात जोडलेले नि अंगठे. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात रायफल बसलीय, एअर रायफलवरून आत्ता कुठे पॉइंट टू टू वर, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या रायफलवर आलीय, आणि तिला हे असलं वाचायला मिळतंय. म्हणून झोप बाजूला ठेवून लिहितेय.

पहिली टिप: 'टक् आवाज आला पण फायर झालं नाही तर २ सेकंदांत बोल्ट उघडून राउंड बाहेर काढा, नाहीतर गोळी आतच फुटून बॅरल फाटेल.' (बोल्ट म्हणजे बॅरलचं, नळीचं, मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा.)

अहो, गोळी आत फुटावी म्हणूनच तर चेंबर, नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, बनवलंय! आत फुटली, बोल्ट बंद असला आणि नळी टार्गेटकडे असली, तर ती फारतर उशिराने सुटलेली एक साधी गोळी असते, टार्गेटवर नाहीतर मागच्या मातीत जाते. काडतुसाचं पितळ पातळ असतं हो, तो दाब ते एकटं सहन करतच नाही, भोवतालचं पोलाद नि मागून बंद असलेला बोल्ट सहन करतो. तुम्ही बोल्ट उघडलात की तो आधारच काढून घेतला, आणि नेमकं त्याच क्षणी आतलं पेटलं तर पितळाचे तुकडे कुठे येतील? प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरणाऱ्या माणसाचा गाल बोल्टपासून वीतभरसुद्धा लांब नसतो.

हे 'उशिरा पेटणं' म्हणजे हँगफायर. आता एक मान्य करते, आजकालच्या चांगल्या अ‍ॅम्युनिशनमध्ये हँगफायर क्वचित होतो आणि झाला तरी बहुतेकदा क्षणभराचाच उशीर असतो. पण टक् ऐकल्यावर ही गोळी मेलेली आहे की झोपलेली हे तुम्हाला कसं कळणार? कळत नाही म्हणूनच थांबायचं. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर, आणि निदान ३० सेकंद. काही ठिकाणी ६० मोजायला लावतात, तुमच्या रेंजचा जो नियम असेल तो. त्यानंतर रेंज ऑफिसरने सांगितलं की चेहरा बाजूला ठेवून बोल्ट सावकाश उघडायचा. फॉरवर्डवाल्याने 'थांबा' हा एक शब्द लिहिला असता तरी पुरे होतं, त्याने बरोब्बर उलटं लिहिलंय.

दुसरी: 'हात वर करत बसाल तर मॅचमध्ये पॉइंट जातील.' आयएसएसएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं, रूलबुक कुणी उघडलंय का? २५ मीटर पिस्तूलमध्ये काडतूस पेटलं नाही तर तो 'अलाउएबल मालफंक्शन', म्हणजे नियमाने दुसरी संधी मिळते. पण कधी? पिस्तूल तसंच टार्गेटकडे धरून हात वर केला आणि ऑफिसर येईपर्यंत काही उघडलं नाही तर. त्याने तपासायच्या आधी तुम्ही स्वतः खटपट केलीत की तोच मालफंक्शन 'नॉन-अलाउएबल' होतो. म्हणजे पॉइंट या टिपमुळेच जातील.

तिसरी, 'तीच गोळी फिरवून परत घाला, सुटते.' यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. पॉइंट टू टू ही रिमफायर, तिचा मसाला बुडाच्या काठात गोल पसरलेला असतो, एखाद्या जागी कमी पडला आणि बोल्टमधली ठोकणारी पिन नेमकी तिथेच बसली तर फुटत नाही, फिरवून दुसऱ्या जागी मारली की फुटते. पण हे ते ३० सेकंद झाल्यावर, सरांना विचारून, आणि खरं सांगायचं तर एका राउंडसाठी कशाला तो जीव काढायचा, डडच्या, म्हणजे न सुटलेल्या गोळ्यांच्या, डब्यात टाका. टाकायच्या आधी सरांबरोबर काठावरची खूण मात्र बघा. सुटलेल्या गोळ्यांची चार रिकामी काडतुसं शेजारी ठेवा. यांची खूण खोल आणि हिची नखाने टोचल्यासारखी उथळ असेल तर दोष गोळीचा नसतो, बोल्टमध्ये मळ नाहीतर जाड ग्रीस साठलेलं असतं किंवा स्प्रिंग थकलेली असते. माझी रायफल एका थंडीत सलग तीन वेळा अशी अडली, मी आठवडाभर गोळ्यांच्या नावाने खडे फोडले, सरांनी बोल्ट खोलला तर आत काळा चिकट गोळा!

चौथी वाचून मी मोबाईल खाली ठेवला. 'आवाज बारीक आला तर पुढून नळीत टॉर्च मारून बघा, किंवा पुढची गोळी मारा, अडकलेली निघून जाते.' लोडेड असू शकणाऱ्या रायफलच्या तोंडात डोळा घालायला सांगताय? आणि अडकलेल्या शिशावर दुसरी गोळी मारली की बॅरल फुगते, कधी फाटते. फुस्स आवाज, धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही, म्हणजे गोळी नळीतच अडकलेली असू शकते, तर तिथेच थांबायचं. आधी थांबून रायफल रिकामी करायची, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळी बघायची, रॉड घालायचा तर तो जाणकाराने.

पाचवी, 'डड गोळीचं कीचेन बनवा.' न सुटलेली गोळी ही गोळीच आहे, शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि एअरपोर्टचं स्कॅनर कीचेन ओळखत नाही.

भाचीला फोन लावून म्हटलं, मोज बघू तीस. तिने मोजले, मी घड्याळ लावलं होतं. सतरा सेकंदांत संपले. "परत," म्हटलं. तिसऱ्यांदा अठ्ठावीसपर्यंत आलीय, उद्या रेंजवर जायच्या आधी परत घेणार आहे.